मंडळीत दिलेल्या संदेशाची पारख कशी करावी

थेस्सलनीका येथील मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समूहाला, लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल लहान लहान आज्ञा एकापाठोपाठ देत जातो. आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा. या आज्ञा वेगवेगळ्या लोकांना दिलेल्या नाहीत. एकाच मंडळीने त्या सगळ्या एकत्र पाळायच्या आहेत. प्रत्यक्षात मात्र काही मंडळ्या पहिल्या दोनच आज्ञा धरून बसतात आणि जो कोणी "परमेश्वर असे म्हणतो" अशी सुरुवात करील त्याच्यापुढे मान तुकवतात, तर काही मंडळ्या पारखीच्या नावाखाली कोणाला तोंडच उघडू देत नाहीत. मी अनेक वर्षे पहिल्या प्रकारच्या मंडळीत संदेश देत आलो आणि आता संदेशांची पारख करणाऱ्या वडीलजनांमध्ये, म्हणजे मंडळीच्या जबाबदार पुढाऱ्यांमध्ये, बसतो, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते दोन्ही बाजूंच्या चुका जवळून पाहून, आणि त्यांतल्या काही स्वतः करून, लिहिले आहे.

देवाकडून मिळालेला संदेश मंडळीत बोलून दाखवण्याचे हे कृपादान प्रेषितांच्या काळाबरोबर संपले असे मानणारे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा युक्तिवाद गंभीरपणे ऐकण्याजोगा आहे, पण त्या वादाचा निकाल येथे लावायचा नाही. ज्या मंडळीत संदेश दिले जातात तिने ते कसे द्यावेत, कसे ऐकावेत आणि चूक झाल्यावर काय करावे, एवढाच येथला विषय आहे. पुष्कळ ठिकाणी या संदेशांना सरसकट भविष्यवाणी म्हटले जाते, परंतु करिंथकरांस लिहिताना पौलाने संदेशाचे जे काम सांगितले आहे ते उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन हे आहे. पुढे काय घडणार हे सांगणे हा त्याचा एक लहानसा भाग आहे, आणि सर्वांत जास्त चुका त्याच भागात होतात.

चूक कोठून शिरते

पारखीची सुरुवात संशयाने न करता एका साध्या कबुलीने करावी : खरा संदेष्टासुद्धा चुकू शकतो. दावीदाने परमेश्वरासाठी मंदिर बांधण्याचा मनोदय बोलून दाखवला तेव्हा नाथानाने क्षणाचाही विलंब न लावता त्याला संमती दिली आणि परमेश्वर तुझ्याबरोबर आहे असेही सांगितले. विचार चांगला होता, राजा भक्तिमान होता, बोलणारा खरा संदेष्टा होता, आणि तरीही ते उत्तर देवाकडून आलेले नव्हते. त्याच रात्री नाथानाला वेगळे वचन मिळाले आणि त्याला राजाकडे परत जाऊन आपलेच बोलणे फिरवावे लागले. शमुवेल संदेष्ट्याचेही तसेच झाले. दावीदाचा बाप इशाय याच्या घरी त्याचा मुलगा अलीयाब याला पाहताच हाच तो अभिषिक्त असे त्याच्या मनाने घेतले, आणि बाहेरचे रूप पाहू नको असे त्या वृद्ध, अनुभवी माणसाला देवाला सांगावे लागले. आपल्याला अंशतः कळते आणि आपण अंशतः संदेश देतो, असे पौल लिहितो तेव्हा त्या "आपण"मध्ये तो स्वतःलाही धरतो.

ही चूक बहुतेक वेळा एका ठरावीक जागी शिरते, आणि ती जागा ओळखता आली तर पारखीचे अर्धे काम होते. प्रत्येक संदेशात तीन थर असतात. पहिला थर म्हणजे जे मिळाले ते : एखादे चित्र, एखादा शब्द, शास्त्रातील एखादे वचन, मनावर आलेले एखादे ओझे. दुसरा थर म्हणजे त्याचा लावलेला अर्थ. तिसरा थर म्हणजे त्यावरून कोणी काय करावे याविषयीचा सल्ला. बोलणाऱ्याच्या तोंडून हे तिन्ही थर एकजीव होऊन बाहेर पडतात आणि ऐकणाऱ्याला ते सगळेच देवाचे वाटतात.

प्रेषितांच्या कृत्यांचा एकविसावा अध्याय या दृष्टीने सावकाश वाचावा. बंधने आणि संकटे आपली वाट पाहत आहेत अशी साक्ष पवित्र आत्मा नगरोनगरी देत असल्याचे पौलाने आधीच इफिसच्या वडिलांना सांगितले होते. सोर येथील शिष्यांनाही आत्म्याकडून तेच कळले असावे, परंतु त्यांनी त्यावरून पौलाला यरुशलेमेत जाऊ नका असा सल्ला दिला. पुढे कैसरियात अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि पौलाला असेच बांधले जाईल असे सांगितले. जाऊ नका असे तो म्हणाला नाही, पण ऐकणाऱ्या सर्वांनी, हे पुस्तक लिहिणारा लूकसुद्धा त्यांत आला, रडून तीच विनवणी केली. पौलाने बंधनांची सूचना खरी मानली आणि तिच्यावरून काढलेला सल्ला नाकारला. अखेर तेही "प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो" असे म्हणून गप्प राहिले. पहिला थर स्वीकारून तिसरा नाकारता येतो, आणि असे करणारा माणूस देवाच्या आत्म्याचा अपमान करत नाही, हे मला या अध्यायाने शिकवले.

सोळाव्या शतकात लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी याच जागेवर बोट ठेवले होते. १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनांमध्ये एक नियम असा आहे की देवाकडून थेट आलेल्या सांत्वनात फसवणूक नसली तरी त्या सांत्वनाचा प्रत्यक्ष काळ आणि त्यानंतरचा काळ यांत काळजीपूर्वक फरक करावा, कारण त्या नंतरच्या काळात मन अजून ऊबदार असते आणि स्वतःच्या सवयीने, स्वतःच्या विचाराने नवे बेत रचू लागते, जे देवाने दिलेले नसतात. प्रार्थनेतून उठल्यानंतरची ती पंधरा मिनिटे संदेश देणाऱ्याने सर्वांत जास्त सांभाळावीत, असे माझे मत आहे.

या मताची किंमत दुसऱ्या एका कुटुंबाने मोजली आहे. मंडळीतील एका आजारी बंधूसाठी प्रार्थना करताना मला एक विझत आलेला दिवा आणि त्यात कोणीतरी तेल घालत आहे असे चित्र दिसले. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितले की परमेश्वर तुम्हाला या महिन्यात उठवणार आहे. ते तीन आठवड्यांनी प्रभूमध्ये झोपी गेले. दफनविधीनंतर त्यांच्या मुलीने मला एवढेच विचारले, "काका, मग तो शब्द कोणाचा होता?" मला मिळाले होते ते केवळ चित्र, बरे होणे हा अर्थ त्या बंधूवरच्या माझ्या प्रेमाने लावला होता, आणि "या महिन्यात" हे शब्द तर मला कोणीच दिले नव्हते, घरच्या लोकांचे चेहरे पाहून ते माझ्या तोंडून निघाले होते.

बोलण्यापूर्वी

म्हणून जे मिळाले ते मिळाल्याबरोबर, अर्थ लावण्याआधी, लिहून ठेवावे. जेवढे दिसले तेवढेच लिहावे, वाक्य सुंदर करू नये. त्याखाली वेगळ्या ओळीत आपल्याला सुचलेला अर्थ लिहावा आणि तो अर्थ कशावरून सुचला तेही लिहावे. मग स्वतःला काही अवघड प्रश्न विचारावेत. या व्यक्तीविषयी मला आधीपासून काय माहीत आहे? काल कोणी मला तिच्याविषयी काही सांगितले होते का? हा संदेश खरा ठरला तर माझा काय फायदा होणार आहे, आणि खोटा ठरला तर मला दुःख होईल की लाज वाटेल? जिच्यावर आपला राग आहे तिच्यासाठी ताडनाचा संदेश मिळाला, किंवा जिच्यावर आपले प्रेम आहे तिच्यासाठी यशाचा संदेश मिळाला, तर तो लगेच टाकून द्यावा असे नाही, परंतु तो आपण एकट्याने देऊ नये.

घाई हे देवाचे लक्षण आहे अशी एक समजूत संदेश देणाऱ्यांमध्ये खोल रुजलेली असते : आता बोललो नाही तर अवज्ञा होईल. शास्त्र याच्या उलट सांगते. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात, असे पौल स्पष्ट लिहितो. म्हणजेच थांबता येते. यरुशलेमेच्या पाडावानंतर उरलेले लोक जिवाच्या भीतीने यिर्मया संदेष्ट्याकडे आले, पुढे कोठे जावे हे विचारू लागले, तेव्हा यिर्मयाला वचन मिळायला दहा दिवस लागले आणि त्याने ते दहा दिवस लोकांना रिकामे ठेवले. भ्यालेल्या माणसांसमोर दहा दिवस काही न बोलणे हे किती कठीण असते, हे त्या जागी उभे राहिलेल्यालाच कळेल.

भाषेविषयीचा नियम सोपा आहे पण पाळायला जड जातो. "परमेश्वर असे म्हणतो" ऐवजी "प्रार्थना करताना माझ्या मनात असे आले, आपण त्याची पारख करावी" असे म्हणावे. काहींना यात अविश्वास दिसतो. माझ्या मते यात ऐकणाऱ्याचा आदर आहे, कारण देवाचे नाव पुढे केले की समोरच्याला नाही म्हणण्याची वाटच उरत नाही, आणि जिथे नाही म्हणता येत नाही तिथे पारख होऊ शकत नाही. आवाज चढवणे, जुन्या धाटणीची भाषा वापरणे, कापणे, रडणे यांनी संदेशात सत्याची भर पडत नाही.

काही विषयांवर एकट्या व्यक्तीने, खाजगीत, कधीही संदेश देऊ नये : विवाह कोणाशी करावा, मूल होईल की नाही, आजार बरा होईल की नाही, औषध घ्यावे की थांबवावे, पैसा कोठे द्यावा किंवा गुंतवावा, नोकरी किंवा घर सोडावे का, आणि कोणाचे गुप्त पाप काय आहे. अशा विषयांवर खरोखर ओझे आले तर ते आधी दोघातिघा वडीलजनांना सांगावे आणि त्यांनी ठरवल्यास त्यांच्या उपस्थितीत त्या व्यक्तीला सांगावे. तारीख आणि मुदत तर मनात आली तरी बोलू नये, असे मी आता नवीन मुलांना शिकवतो.

पारख करणाऱ्यांसाठी

करिंथच्या मंडळीला पौलाने सांगितले की दोघातिघा संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी त्याचा निर्णय करावा. निर्णय करणारे नसतील तर बोलणारेही नसावेत, असा याचा व्यवहारातला अर्थ मी घेतो. पारख करणारे किमान तिघे असावेत आणि त्यांतील एक तरी असा असावा की ज्याला संदेश देणाऱ्याची भीड वाटत नाही. संदेश देणारे पाळकच असतील तर हे विशेष काळजीने पाहावे, कारण त्यांच्यासमोर मान हलवण्याची सर्वांना सवय झालेली असते.

पहिली कसोटी शास्त्राची आणि ख्रिस्ताची. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एक धक्कादायक गोष्ट आहे : संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरोखर घडून आले, पण तो लोकांना दुसऱ्या देवांकडे नेत असेल, तर त्याचे ऐकू नये. अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे जे घडले नाही ते परमेश्वराचे वचन नव्हते हे कळते. पण जे घडले ते केवळ घडले म्हणून देवाचे ठरत नाही. एखाद्याची दोनतीन भाकिते खरी ठरली की मंडळी त्याचे पुढचे सर्व बोलणे तपासणे सोडून देते, आणि नेमका तेथून अपघात सुरू होतो. येशूने खोट्या संदेष्ट्यांची खूण सांगताना फळ पाहा असे म्हटले, आणि फळाला ऋतू लागतो.

पहिल्या पिढ्यांमधील मंडळ्यांनाही हा प्रश्न सतावत होता. दिदाखे नावाचे प्राचीन ख्रिस्ती लेखन, ज्याचे हस्तलिखित १८७३ मध्ये फिलोथेओस ब्रियेनिओस यांना सापडले आणि १८८३ मध्ये छापले गेले, फिरत्या संदेष्ट्यांविषयी अगदी व्यावहारिक सूचना देते. आत्म्यात बोलताना "मला पैसे द्या" असे म्हणणाऱ्याचे ऐकू नका, परंतु गरजू लोकांसाठी द्या असे तो म्हणाला तर त्याला दोष देऊ नका. जो शिकवतो पण तसे वागत नाही तो खोटा. आत्म्यात बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नसतो, ज्याच्या ठायी प्रभूची चालचलणूक आहे तोच. याच लेखनात आत्म्यात बोलत असलेल्या संदेष्ट्याची परीक्षा करू नये असेही म्हटले आहे, जे पौलाच्या सूचनेशी सहज जुळत नाही, पण लगेच पुढे वागणुकीवरून परीक्षा कशी करावी हे सांगितले आहे. म्हणजे शब्द तपासायला जे कचरत होते तेही पैसा आणि वागणूक तपासत होते. आपण निदान तेवढे तरी करावे.

"पुष्कळांना हेच मिळाले" हा पुरावा फार जपून वापरावा. अहाब राजासमोर चारशे संदेष्टे एकमुखाने विजयाचे बोलत होते आणि इम्लाचा पुत्र मीखाया एकटा वेगळे बोलत होता. तोच खरा ठरला. आजच्या काळात पाच जणांना एकच संदेश मिळाला असे समजले तर त्या पाचांनी त्या आठवड्यात एकच प्रवचन ऐकले होते का, एकाच व्हॉट्सॲप गटात ते आहेत का, पहिल्याने आपला संदेश इतरांना आधी सांगितला होता का, हे विचारावे. एकमेकांना न विचारता, वेगवेगळ्या ठिकाणी लिहून ठेवलेल्या दोन नोंदी पन्नास जणांच्या "आमेन"पेक्षा जास्त वजनाच्या असतात. अमेरिकेतील २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी अनेक प्रसिद्ध संदेष्ट्यांनी एकाच उमेदवाराच्या विजयाचे संदेश दिले, आणि तो विजय झाला नाही. त्यांची एकवाक्यता आत्म्याची होती की एकाच वर्तुळात फिरणाऱ्या आशेची, हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता.

जेव्हा ताबडतोब निर्णय करता येत नाही तेव्हा यिर्मयाचे उदाहरण घ्यावे. हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमोर सांगितले की बाबेलला नेलेले बंदिवान दोन वर्षांत परत येतील, आणि बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले जू काढून मोडले. यिर्मया सत्तर वर्षांचे सांगत होता. तरी तो आधी म्हणाला, आमेन, परमेश्वर तसे करो. मग त्याने आठवण करून दिली की शांतीचा संदेश देणारा खरा की नाही हे ते वचन पूर्ण झाल्यावर कळेल. आणि जू मोडल्यावर तो काही न बोलता निघून गेला. हनन्याविरुद्ध वचन त्याला नंतर मिळाले. खरा संदेष्टा भर सभेत वाद हरल्यासारखा निघून जाऊ शकतो, आणि पारख करणाऱ्यांनाही "आम्हाला अजून कळलेले नाही" असे म्हणून सभा संपवता आली पाहिजे.

ज्याला संदेश मिळाला त्याच्यासाठी

येथे थोडक्यात सांगतो. संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा बोलणाऱ्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करावा. त्याच दिवशी कोणताही निर्णय घेऊ नये. वैद्यकीय उपचार कोणाच्याही संदेशावरून थांबवू नयेत. जे बोलले गेले ते जवळजवळ कोणालाही लागू पडले असते का, किंवा समाजमाध्यमांवर तुमच्याविषयी सहज सापडणारे होते का, हे पाहावे. देवाने आधी जे स्पष्ट दाखवले आहे ते दुसऱ्याच्या तोंडच्या नव्या शब्दासाठी सोडू नये. यहूदातून आलेला देवाचा माणूस बेथेलच्या वृद्ध संदेष्ट्याच्या "देवदूताने मला सांगितले" या खोट्या शब्दावर, तेथे काही खाऊपिऊ नको अशी देवाची आज्ञा असूनही, परत फिरला आणि वाटेत सिंहाने त्याला मारले. आणि तुम्ही नाही म्हटल्यावर कोणी शापाची भीती घातली, तर तो संदेश तेथेच तपासून झाला असे समजावे.

चूक झाल्यावर

नाथान दुसऱ्या दिवशी परत गेला. चुकलेल्या संदेशाची दुरुस्ती जिथे संदेश दिला तिथे, ज्यांच्यासमोर दिला त्यांच्यासमोर आणि तितक्याच स्पष्ट शब्दांत व्हावी. सभेत दिलेला संदेश फोनवर मागे घेता येत नाही. मी त्या बंधूच्या कुटुंबाकडे दोन महिन्यांनी गेलो. तिसऱ्या दिवशी जायला हवे होते. त्या दोन महिन्यांत त्यांच्या मुलीने स्वतःच उत्तर शोधले होते, की घरातल्या कोणाचा तरी विश्वास कमी पडला असावा, आणि ते ओझे तिच्यावर माझ्या गप्प राहण्याने पडले होते.

पळवाटा ओळखीच्या आहेत. तुमचा विश्वास कमी पडला, ते आत्मिक अर्थाने पूर्ण झाले, ते अटीवर होते. यांतील शेवटची नेहमीच पळवाट नसते : योनाने चाळीस दिवसांची मुदत सांगितली, निनवेने पश्चात्ताप केला आणि नाश टळला, आणि राष्ट्रांविषयी देव असे करतो हे यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे. पण अट होती हे चुकल्यानंतर आठवले तर ती अट मानू नये. अमेरिकेतील रेडिओ प्रवचनकार हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही जगाच्या न्यायाची तारीख जाहीर केली. तो दिवस गेल्यावर तो न्याय आत्मिक रीतीने झाला असे सांगून शेवट २१ ऑक्टोबरवर ढकलला. आणि २०१२ मध्ये मात्र तारीख सांगणे हे पाप होते असे लेखी मान्य केले. त्यांचे काम दर्शनाचे नसून शास्त्रातील आकडेमोडीचे होते, तरी पुढच्या तिन्ही पायऱ्या संदेष्ट्यांच्याच आहेत, आणि फक्त तिसरी अनुकरणीय आहे.

चुकलेल्या व्यक्तीला मंडळीने हाकलू नये, आणि पुढच्या रविवारी पुन्हा व्यासपीठावरही उभे करू नये. काही महिने तिने इतरांचे संदेश ऐकावेत, आपल्या नोंदी वडीलजनांसमोर ठेवाव्यात आणि त्यांच्या सांगण्यावरून परत यावे. चूक आणि कपट मात्र एक मानू नयेत : माहिती आधी गोळा करून ती प्रकटीकरण म्हणून सांगणे, किंवा संदेशाचा वापर पैसा, सत्ता वा देहसुखासाठी करणे, हा पारखीचा विषय राहत नाही, तो मंडळीच्या शिस्तीचा आणि गुन्हा असेल तेथे कायद्याचा विषय होतो.

आमच्या मंडळीत आता एक जाड वही आहे. तारीख, बोलणाऱ्याचे नाव, मिळाले ते, लावलेला अर्थ, दिलेला सल्ला, पारख करणाऱ्यांचा निर्णय आणि नंतर काय झाले, असे तिचे रकाने आहेत, आणि दर सहा महिन्यांनी ती वडीलजनांच्या सभेत मोठ्याने वाचली जाते, चुकलेल्या नोंदींसकट. शेवटच्या रकान्यात केवळ पूर्ण झाले किंवा झाले नाही असे लिहून चालत नाही; कोणता थर बरोबर होता आणि कोणता चुकला हे लिहावे लागते, आणि कळत नसेल तर कळत नाही असे लिहावे लागते. पहिल्या पानावर दिव्याच्या चित्राची नोंद आहे. तिच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिले आहे : चित्र : सांगता येत नाही; अर्थ : चुकला; महिना : माझा.